कुऱ्हाडबंदीच्या जिल्ह्यात कुऱ्हाडीचं शिक्षण कोण देणार?

आपला जिल्हा कुऱ्हाडबंदीचा. २०२४ पासून सरकारी कागदावर त्याचं नाव अहिल्यानगर झालं असलं तरी एसटी स्टँडवर अजून आपण 'नगर, नगर' अशीच हाळी ऐकतो. तर या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे आणि नगर तालुक्यात हिवरे बाजार. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या निबंधात कधी ना कधी लिहिलेली असणार. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आलं, बाहेरच्या राज्यांतली माणसं बघायला आली, पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान आहेच.

पण कुऱ्हाडबंदी ही रानातल्या, डोंगरावरच्या झाडांसाठी होती. जे झाड विजेच्या तारेला लागलंय, ज्याची वाळलेली फांदी अंगणवाडीच्या पत्र्यावर लोंबतेय, जे वादळात अर्धं चिरून भिंतीवर रेललंय, ते झाड कापावंच लागतं. दरवर्षी एप्रिल-मे आला की गावोगाव, कॉलनीत, शाळेत, कॉलेजात हे काम निघतं. आणि ते कसं करायचं, कुणी करायचं, त्याला काय लागतं, हे मात्र आपल्या जिल्ह्यानं कुणाला शिकवलेलं नाही. कुऱ्हाड थांबवायला आपण शिकलो. चालवायची वेळ आली की ज्याच्या हातात कोयता असेल त्याला वर चढवायचं, एवढंच आपलं तंत्रज्ञान.

हॉस्टेलवाल्यांना चित्र नवीन नाही. एक माणूस अनवाणी, कमरेला खोचलेला कोयता नाहीतर कुऱ्हाड, सरसर निंबावर चढतो. खाली दोघं नायलॉनचा दोर धरून उभे. फांदी तुटत आली की सगळे एकदम ओरडतात, 'ओढ, ओढ!' आणि आपण सगळे गॅलरीत, मोबाईल काढून. फांदी कंपाउंडच्या आत पडली तर टाळ्या, पत्र्यावर पडली तर जास्त टाळ्या. त्या दिवशी वर गेलेला माणूस खाली नीट उतरला, हे आपण गृहीतच धरतो. तो उतरतोही, बहुतेक वेळा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही हमाली नाही, हे इंजिनिअरिंगचं काम आहे. आपण फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये जे घोकतो, ते सगळं त्या झाडावर एकाच वेळी चालू असतं. आणि ज्या कॉलेजात ते शिकवलं जातं, निदान त्या कॉलेजच्या आवारात तरी माणसानं असं वर जाऊ नये.

बेल्ट फ्रिक्शन आठवतंय का? टी-वन भागिले टी-टू बरोबर ई रेज टू म्यू थीटा. परीक्षेत सहा मार्कांना हमखास येणारं गणित, त्यामुळं सगळ्यांना पाठ. आता हेच झाडाखाली आणा. ३० सेंटीमीटर जाडीचा, २ मीटर लांबीचा ओला ओंडका धरा. घनफळ साधारण ०.१४ घनमीटर. ओल्या लाकडाची घनता पाण्याच्या आसपास धरली तर वजन झालं १४० किलो. हा ओंडका वरून दोरानं उतरवायचाय. दोन गडी नुसते हातानं धरणार असतील तर ते दोरासकट फरफटत जाणार, नाहीतर तळहाताची सालटी निघणार. पण तोच दोर बाजूच्या भक्कम खोडाला एक वेढा देऊन धरला आणि म्यू ०.२५ धरला, तर हाताला लागणारा जोर उरतो साधारण २९ किलोचा. दोन वेढे दिले तर ६ किलो. म्हणजे फर्स्ट इयरचं एखादं बारीक पोरगंही तो ओंडका हळूहळू, हवा तिथं, हवा तेव्हा टेकवू शकतं. तीन वेढे दिले तर मात्र दोर सुटायलाच तयार होत नाही आणि ओंडका मध्येच लटकून बसतो. बाहेरच्या देशांत याच कामासाठी खोडाला पट्ट्यानं बांधायचा एक लोखंडी नळा मिळतो, त्याच्यावर दोराचे वेढे घ्यायचे. आत काही यंत्र नाही, मोटर नाही. नुसता नळा आणि ई रेज टू म्यू थीटा.

आता दुसरं गणित. हे सहसा कुणी करत नाही आणि माणसं याच्यातच मरतात. दोर वरच्या फांदीवरून किंवा कप्पीवरून खाली येतो. एका बाजूला १४० किलोचा ओंडका, दुसऱ्या बाजूला तो तोलून धरणारा दोर. मग कप्पी जिथं बांधली त्या जागेवर भार किती? फ्री बॉडी डायग्राम काढा. १४० नाही, जवळजवळ दुप्पट, २८० किलो. आणि ओंडका कप्पीच्या वरून कापला असेल तर तो आधी मोकळा खाली पडतो आणि मग दोर त्याला झटक्यानं धरतो. एक मीटर पडला आणि दोरानं पाव मीटरमध्ये थांबवला, तर दोरावर सरासरी पाचपट म्हणजे ७०० किलोचा जोर येतो, आणि कप्पीच्या जागेवर त्याच्या दुप्पट. दोर स्प्रिंगसारखा धरला तर क्षणभराचा सर्वांत जास्त जोर याहूनही वर जातो. आणि त्याच खोडाला, कप्पीच्या फूटभर वर, आपला माणूस एका हातानं मिठी मारून बसलेला असतो. खोड आधीच आतून पोकळ असेल तर पुढचं सांगायला नको.

यावरचा उपायही साधा आहे. तुकडे छोटे करायचे, आणि खालच्या माणसानं दोर एकदम न अडवता थोडा सोडत सोडत थांबवायचा, म्हणजे थांबायचं अंतर वाढतं आणि झटका कमी होतो. वर्क-एनर्जी प्रिन्सिपल. तेही सिलॅबसमध्ये आहे.

मागच्या उन्हाळ्यात सबमिशनच्या गडबडीत हॉस्टेलच्या मागं फांद्या उतरवायचं काम चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत झाडावरचे मामा सावलीत बसले होते. मी विचारलं, "मामा, बेल्ट नाही का तुमच्याकडं?"

"आहे ना. टेम्पोत आहे."

"मग घालत का नाही?"

मामा हसले. म्हणाले, "भाऊ, फांदी अंगावर आली तर पळायला तरी येतं. बेल्टानं बांधून घेतलं तर कुठं पळू?"

हे उत्तर मला अडाणीपणाचं वाटलं नाही. उलट त्यात अनुभव होता. टेम्पोतला बेल्ट बांधकामावरचा होता, कमरेचा पट्टा आणि एक हूक. तो कुठं अडकवायचा हे कुणी सांगितलेलं नाही. जी फांदी कापतोय तिलाच अडकवला तर माणूस फांदीबरोबर खाली जाणार हे मामांना बरोबर कळत होतं. त्यांना बेल्ट नको होता असं नाही. बेल्ट कसा वापरायचा हे कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी अंगावरच्या दोन वाईट गोष्टींतली कमी वाईट निवडली होती.

शिकलेला माणूस काय करतो? तो झाडाला हात लावायच्या आधी खाली उभा राहून दहा मिनिटं बघतो. वाळलेल्या फांद्या कुठं, बुंध्याला भेग आहे का, बुरशीच्या छत्र्या उगवल्यात का, मधमाश्यांचं मोहोळ आहे का (हे आपल्याकडं विसरून चालत नाही), आणि तार किती लांब आहे. ११ केव्हीची लाइन जवळून जात असेल तर लाइन बंद केल्याशिवाय काम सुरूच नाही. निदान तीन मीटरच्या आत माणूस, हत्यार, फांदी काहीच जाता कामा नये. ओली फांदी वीज वाहून नेते हे आपल्याला माहीत आहे, पण ओला दोरसुद्धा नेतो.

मग एका पातळ दोरीला छोटी वजनदार पिशवी बांधून ती वरच्या भक्कम बेचक्यातून फेकतात. त्या दोरीनं मुख्य दोर वर ओढून घेतात. हा दोर बोटभर जाड, फारसा न ताणणारा. त्याचं एक टोक माणसाच्या हार्नेसला, आणि बेचक्यातून परत खाली आलेल्या भागावर घर्षणगाठ. ही गाठ म्हणजे खरी गंमत आहे. हातानं सरकवली तर सरकते, अंगाचा भार टाकला की आवळते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं १९३१ साली प्रसिद्ध केलेली गाठ ही या कुळातली सर्वांत नावाजलेली. झाडांवर काम करणारे आता तिचे वेगवेगळे भाऊबंद वापरतात. या गाठीमुळं माणूस दोरावर बसू शकतो, फांदीच्या टोकापर्यंत चालत जाऊ शकतो, दोन्ही हात मोकळे ठेवू शकतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तो ज्या बेचक्याला टांगलेला आहे ते मागं राहणार असतं. कापलेली फांदी खाली जाते, माणूस जागच्या जागी. यंत्र चालू करायच्या आधी तो आणखी एका छोट्या दोरानं स्वतःला खोडाशी बांधतो. म्हणजे चुकून एक दोर कापला गेला तरी दुसरा असतो. या छोट्या दोरात काही जण पोलादी तार घालूनच घेतात. मामांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. पळायची गरजच पडू नये अशा जागी बांधून घ्यायचं.

पाठीवर हूक असलेला बांधकामाचा हार्नेस पडणाऱ्याला वाचवतो, त्याला आयएस ३५२१ हे भारतीय मानकही आहे. पण झाडावर तासभर लटकून काम करायला त्याचा उपयोग कमी, कारण त्यात बसता येत नाही. झाडावरच्या हार्नेसला मांडीखाली पट्टे आणि पुढं, कमरेपाशी कडी असते. हा फरक दुकानदार सांगत नाही.

आणि दोर. आपल्या आजोबांच्या पिढीला दोराची अक्कल आपल्यापेक्षा जास्त होती असं मला वाटतं. मोटेचा नाडा वेगळा, सोंदूर वेगळा, बैलाचा कासरा वेगळा, गुराचं दावं वेगळं. कुठल्या कामाला कुठला, कधी टाकून द्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं, कारण नाडा तुटला तर मोट विहिरीत. आता सगळ्याला एकच निळा-पिवळा नायलॉन. ट्रकवर ताडपत्री त्यानंच बांधायची आणि झाडावर माणूसही त्यालाच. उन्हात पडून तो कडक झालेला असतो, मध्ये दोन गाठी असतात, आणि नुसत्या गाठीनंही दोराची ताकद तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत कमी होते.

इथं एक गोष्ट बोलून टाकतो, राग मानू नका. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, साम्रदची सांदण दरी आहे. दरवर्षी आपल्यातले कितीतरी जण तिथं रॅपलिंगला जातात. पैसे भरून. तिथं डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस, कॅराबिनर, वर एक माणूस, खाली एक माणूस, आणि दोर ओरखडला तर लगेच बदलतात. आपण मजेसाठी एकदा उतरणार म्हणून एवढी काळजी. आणि जो माणूस पोटासाठी रोज तेवढ्याच उंचीवर जातो, वर हातात धार घेऊन जातो, त्याच्या अंगावर बनियन. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोर लावणारी मुलं आपल्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये आहेत. गाठी त्यांना येतात. झाडावरच्या मामांना त्या एका दुपारीत दाखवता येतील. अजून कुणी दाखवल्या नाहीत, कारण आपल्याला तो खेळ वाटतो आणि हे काम.

हल्ली कुऱ्हाडीच्या जागी पेट्रोलची करवत आली आहे, तिच्याबद्दल थोडं. अँड्रिआस श्टील या जर्मन इंजिनिअरनं १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत काढली, ती दोघांना मिळून धरावी लागायची. आजची एका हातात मावते, आणि तिथंच घोटाळा आहे. साखळी सेकंदाला वीस मीटर किंवा जास्त वेगानं फिरते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की सगळी करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडं येते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पुढं हाताच्या रक्षणासाठी जो दांडा असतो तो त्याच वेळी ब्रेक लावतो. आपल्याकडं बऱ्याच मशीनचा तो दांडा तुटलेला किंवा 'मध्ये येतो' म्हणून काढलेला मी पाहिलाय. लेथवर चक गार्ड नसेल तर वर्कशॉपचे सर आपल्याला बाहेर काढतात! या करवतीसाठी खास पँट असते. तिच्यात लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे बाहेर येऊन चाकात गुंततात आणि साखळी थांबते. आपल्याकडं लुंगी नाहीतर बर्मुडा. खांद्याच्या वर करवत धरायची नाही, एका हातानं चालवायची नाही, शिडीवर उभं राहून तर नाहीच नाही. हे नियम शिकायला तास लागतो.

बुंध्यातून आडवं पाडायचं झाड असेल तर त्याचीही पद्धत आहे. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला व्यासाच्या पाव ते तिसरा हिस्सा खाच घ्यायची. मग मागून काप घ्यायचा, पण पूर्ण नाही. मध्ये व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा लाकूड राहू द्यायचं. ती झाली बिजागरी. झाड दारासारखं त्या बिजागरीवर फिरून खाली येतं, दिशा बदलत नाही. बिजागरी कापून टाकली की झाड मोकाट. पडताना आपण मागं आणि तिरकं पळायचं, सरळ मागं नाही. आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको. ज्याच्या शेजारी इमारत आहे असं झाड पाडतच नाहीत, वरून तुकडे करत उतरवतात.

आपल्याकडं अर्थात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर जेसीबी. झाड अडलं, बोलवा जेसीबी. बकेटनं ढकललं की मुळासकट येतं हे खरं, पण वाळकं शेंड्याचं लाकूड हादऱ्यानं मोडून उलट केबिनवरही येतं. आणि मुळाबरोबर पाण्याची पाइपलाइन येते ती वेगळीच. मग दोन दिवस हॉस्टेलला टँकर.

कापणं एक वेळ सोपं, छाटणं अवघड. फांदी खोडातून जिथं निघते तिथं एक फुगीर गळपट्टी असते. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञानं हजारो झाडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती भिंती घालतं आणि कुज आत कोंडून ठेवतं. त्या भिंती गळपट्टीतून उभ्या राहतात. म्हणून काप गळपट्टीच्या जरा बाहेर घ्यायचा. आधी खालून थोडा, मग बाहेरच्या अंगानं वरून, म्हणजे फांदी सालपट ओढत पडत नाही, आणि शेवटी उरलेला ठोकळा. तीन काप. आपल्याकडं एकच घाव, तोही मनात येईल तिथं. नाहीतर सरळ शेंडा उडवून झाडाचं मुंडण. मुंडण केलेल्या झाडाला वर्षभरात भाराभर फुटवे येतात. ते वरवर चिकटलेले असतात, खोडात रुजलेले नसतात, आणि खाली कापलेला बुंधा कुजत असतो. तीन-चार पावसाळ्यांनी वळवाच्या वाऱ्यात ते फुटवे तुटून पडतात. मग आपण म्हणतो झाड धोकादायक आहे, काढून टाका. धोका आपणच चार वर्षांपूर्वी कोयत्यानं पेरलेला असतो. गुलमोहर तर लाकडानं आधीच ठिसूळ. त्याला अशी छाटणी म्हणजे संपलंच.

म्हणूनच 'झाडं तोडायचं शिक्षण कसलं देता, आधीच झाडं कमी' असं म्हणणाऱ्या मित्रांशी माझं जमत नाही. चढता येणारा माणूस नसला की एका वाळक्या फांदीसाठी अख्खं झाड जातं, कारण फांदीपर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न असतो आणि बुंधा तर हाताशी असतो. संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. काही एकरांवर पसरलेला, पारंब्यांचे खांब झालेला, मूळ खोड कुठलं ते शोधावं लागतं. तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा असाच मोठा वड आहे. त्याची फांदी कोसळली तेव्हा २०१८ साली वाळवीसाठी सलाईनच्या बाटल्यांतून औषध दिलं, फांद्यांखाली खांब उभे केले, कोवळ्या पारंब्या नळ्यांतून जमिनीपर्यंत नेल्या. आपल्या वडावर उद्या अशी वेळ आली तर फांदीवर अलगद जाऊन काम करणारी किती माणसं जिल्ह्यात मिळतील?

कायद्याचं म्हणाल तर शहरी भागासाठी महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियंत्रणाचा. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड कुणाच्या परवानगीनं तोडायचं, बदल्यात किती लावायची, हे त्यात आहे. झाडावर कोण चढणार आणि काय घालून चढणार, हा या कायद्यांचा विषयच नाही. ब्रिटनमध्ये उंचावर झाडाचं काम करताना कमीत कमी दोन माणसं लागतात, आणि खालच्याला वरच्याला उतरवून आणता आलंच पाहिजे. कारण बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये फार वेळ लटकून राहिला तर तेच जिवावर बेतू शकतं, अग्निशमन दलाची वाट बघत बसता येत नाही. झाडावर चढायच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यातही वरच्या माणसाला सोडवून खाली आणणं हा एक प्रकार असतो.

हे फक्त गोऱ्यांच्या देशात जमतं असंही नाही. केरळात नारळावर चढणारी माणसं मिळेनाशी झाली तेव्हा २०११ मध्ये नारळ विकास मंडळानं तरुणांना शिकवायला सुरुवात केली. पायानं चालवायचं साधं चढणयंत्र, त्याचं प्रशिक्षण, वर विमा. बायकाही शिकल्या. ज्या कामाला कोणी मुलगी देत नव्हतं त्याला ओळखपत्र मिळालं. आपल्याकडं राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, झाड त्यांना कळतं. दोर, कप्पी, भार आपल्याला कळतो, निदान कळायला हवा. दोघांनी मिळून पंधरा दिवसांचा वर्ग काढायला काय हरकत आहे?

हरकत बहुधा अशी की प्रोजेक्टला वेळ नाही. दरवर्षी बी. ई.च्या प्रोजेक्टमध्ये एक तरी 'नारळाच्या झाडावर चढणारा रोबो' असतोच. मागच्या बॅचचा रिपोर्ट, नवीन कव्हर. नगर जिल्ह्यात नारळ किती, कडुनिंब किती? नारळाचं खोड विजेच्या खांबासारखं सरळ, म्हणून रोबो चढतो. निंबाला पहिल्या बेचक्यातच तो अडकून बसेल. त्यापेक्षा खोडाला बांधायचा वेढ्यांचा नळा आपल्या वर्कशॉपमध्ये बनवा, युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर बाजारातला नायलॉन दोर गाठीसकट आणि गाठीशिवाय तोडून बघा, उन्हात सहा महिने पडलेला दोर आणि नवा दोर यांचा आलेख काढा. व्हायवाला एक्स्टर्नल काय विचारेल ते विचारू दे.

एप्रिलमध्ये मेंटेनन्स विभाग मान्सूनपूर्व छाटणीची कोटेशन मागवेल. सगळ्यांत कमी दर तोच देतो ज्याच्या दरात दोर, हार्नेस, हेल्मेट आणि विमा नसतो. तेव्हा रेक्टर सरांना आणि मेंटेनन्सच्या सरांना विनंती अशी, की यंदाच्या कोटेशनच्या नमुन्यात चार ओळी घाला. वर चढणाऱ्याला बसायचा हार्नेस आणि दोन स्वतंत्र दोर, खाली एक सोडवता येणारा माणूस, सर्वांचा अपघात विमा, आणि करवतीचा ब्रेक चालू स्थितीत. दर वाढेल. किती वाढला ते नोटीस बोर्डावर लावा, आम्हीही बघू. बाकी आमच्याकडून एवढं, की काम चालू असताना झाडाभोवती दोरी बांधून आत कुणाला येऊ न देण्यासाठी रोज दोघं उभे राहू. मागच्या ब्लॉकमधल्या सहा जणांनी नावं दिली आहेत, अजून हवी असतील तर मेसच्या दाराशी कागद लावलाय. मेसच्या मागचा तो निंब सगळ्यांत आधी घ्यावा लागेल. त्याची पश्चिमेकडची फांदी पूर्ण वाळली आहे आणि बरोबर ताटं धुवायच्या नळावर आली आहे.